मशीन तापलं

माझा थोरला भाऊ दयाराम माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलायचा. बंद पडलेल्या घड्याळाला तो "काय झालं बे तुले?" असं इतक्या मायेनं विचारायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आजारी पडले तेव्हा त्यानं माझी एवढ्या प्रेमानं चौकशी केल्याचं मला आठवत नाही. मी तोंडाची फटकळ आणि तो मुखदुर्बळ. माय म्हणायची, थोरल्याच्या वाट्याचं बोलणंही या पोरीनंच पळवलं.

पुढं त्यानं आमच्याच गावात, बीबीच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आसपासच्या खेड्यांतले लोक फडक्यात रेडिओ बांधून त्याच्याकडे यायला लागले आणि त्याला 'दयारामजी' म्हणायला लागले. पण मी सांगते आहे ती गोष्ट त्याच्या आधीची. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दादा तेव्हा जालन्याला किसनराव नावाच्या रेडिओवाल्याच्या हाताखाली काम शिकत होता आणि सुट्टीला एसटीनं घरी येत होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. बा, म्हणजे आमचे वडील कचरू अंभोरे, लोकांच्या शेतात राबायचे, पण हाताला सुतारकामाची मोठी हौस. कुणाचा वखर मोडला, कुणाच्या दाराची चौकट निखळली की बा हजर.

आणि माय गायची. भिमाबाईचं गाणं म्हटलं की वस्तीतल्या बाया हातातलं काम टाकून यायच्या. तिला अक्षर येत नव्हतं, पण गाणी तिची स्वतःची असायची. निंदताना, दळताना, शेणाच्या गोवऱ्या थापताना ती ओळीला ओळ जोडत राहायची. अशा गाण्याची एक रीत असते. शेवटच्या कडव्यात गाणारीनं स्वतःचं नाव घालायचं. 'म्हणे अमकी तमक्याची' असं म्हटल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. आमच्याकडं त्याला नावाचं कडवं म्हणतात. ज्या बाईला नवरासुद्धा "अवं" म्हणून हाक मारतो, तिचं नाव चार लोकांत ऐकू येण्याची तेवढीच जागा.

या गोष्टीच्या आदल्या वर्षी जयंतीला मायनं नवं गाणं केलं होतं. माझ्या शाळेवरचं. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीतल्या मैदानात सभा व्हायची आणि त्या सभेसाठी भोंगा आणि त्याचा आवाज वाढवणारं मशीन गावातल्या जानरावांकडून भाड्यानं आणावं लागायचं. गावात मशीन त्यांच्याशिवाय कुणाकडेच नव्हतं. माय पहिल्यांदाच माईकपुढे उभी राहिली. बाया मागं साथीला, मी त्यांच्यात. गाणं असं रंगलं की वरच्या आळीतले लोकही ओसरीवर येऊन ऐकायला लागले. नावाच्या कडव्यासाठी मायनं श्वास घेतला, आणि भोंगा बंद पडला.

"मशीन तापलं," जानराव म्हणाले, आणि वायर गुंडाळायला लागले.

दादा मशीनपाशीच बसला होता. तो हात लावून बघायला गेला तर जानरावांनी त्याचा हात वरच्या वर झटकला. "हात नोको लावू मशीनले." पण बोटं तेवढ्यात टेकली होती. मशीन कोमट होतं, चुलीपासून दूर ठेवलेल्या तांब्याइतकं. थोड्या वेळानं तोच भोंगा पाटलाच्या वाड्यावर बारशाची गाणी वाजवायला लागला.

त्या दिवसापासून माय गायची बंद झाली. रुसून नाही, रडून नाही. नुसती बंद. निंदायला गेली की बाया म्हणायच्या, भिमाबाई, काढ ना एखादं. ती म्हणायची, आठवत नायी. आणि वस्तीत 'मशीन तापलं' हा एक शब्दच होऊन बसला. उसनी कुऱ्हाड द्यायची नसली की लोक म्हणायचे, मशीन तापलं. आम्ही हसायचो, पण मायपुढं कुणी तो शब्द काढत नसे.

दादानं यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. फक्त जालन्याहून येताना त्याच्या पिशवीत मोडक्या रेडिओंचे तुकडे यायला लागले. किसनराव भला माणूस. दुकानातली अडगळ तो दादाला घेऊन जाऊ द्यायचा. घराच्या मागच्या सपरात, गवताच्या छपराखाली, दादानं आपलं मशीन जोडायला घेतलं. जानरावांचं मशीन काचेच्या मोठ्या नळ्यांचं होतं, त्याला वीज लागायची. दादाचं ट्रान्झिस्टरचं, ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालणारं. सगळा जोर दोन ट्रान्झिस्टरांवर. सुपारीपेक्षा थोडे मोठे, लोखंडी टोपीचे. माईकमधला बारीक आवाज वाढवून भोंग्यात ढकलायचं काम ते करायचे.

"एवढेसे ते, आन त्यायच्या भरवशावर तू भोंगा वाजवतो?" मी विचारलं.

"जोर लई हाय त्यायच्यात. फकस्त तापते." मग यंत्राचा विषय निघाला म्हणून तो भडाभडा बोलायला लागला. "तापले का जास्त करंट ओढते. जास्त ओढला का आणखी तापते. एकदा का ते चढलं, मंग जळल्याशिवाय थांबत नायी."

"म्हंजे आपल्या मामीसारखं," मी म्हणाले. तो हसला नाही. मामीला समजावता येतं, असं मात्र म्हणाला.

पहिल्या वेळेला मशीन सुरू झालं तेव्हा सपरात आम्ही नाचलोच. माईकपुढं रेडिओ ठेवला, भोंग्यातून शेतकऱ्यांचा कार्यक्रम सगळ्या वस्तीला ऐकू गेला. मग आवाज घोगरा झाला, फाटला, आणि जळक्या वासाबरोबर संपला. एक ट्रान्झिस्टर गेला होता. दादानं तो हातात घेतला आणि मेलेल्या पाखराकडं बघावं तसं त्याच्याकडं बघत बसला.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात ताप सोडून दुसरा विषय नव्हता. ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर स्क्रूनं बसवायचे, म्हणजे त्यांची उष्णता पत्र्यात उतरते, पत्र्यातून हवेत जाते. पण ट्रान्झिस्टरच्या अंगातून वीजही वाहते, ती पत्र्यात उतरून चालत नाही. म्हणून मध्ये अभ्रकाचा पापुद्रा घालायचा. दादानं तो मोडक्या इस्त्रीतला काढून घातला होता. इस्त्रीचा अभ्रक जाडजूड, त्यानं विजेबरोबर उष्णताही अडवून धरली. किसनरावांनी हे सांगितल्यावर दादा दोन सुट्ट्या ब्लेडनं अभ्रक सोलत बसला. एकेक पदर इतका पातळ की फुंकर मारली की उडायचा, आणि मी मुद्दाम फुंकर मारायचे. त्यातूनही फटी राहायच्या, त्या भरायला किसनरावांच्या दुकानात एक मलम असायचं. ते जपून वापरायचे ते, मागायची दादाला लाज. मग त्यानं दवाखान्यातून लहान पोरांच्या पुरळावर लावायचं पांढरं मलम आणलं. कुणी सुचवलं ते माहीत नाही. पण चालून गेलं. पत्रा झटकन गरम व्हायला लागला, म्हणजे ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर निघत होती. पत्र्यावर हात ठेवून दादा डोळे मिटून बसायचा. हात ठेवता येतो तोवर ठीक, हात काढावासा वाटला की बंद. एवढंच त्याचं मोजमाप.

राहिली पेटी. पेटी बानं केली. कडुनिंबाच्या फळ्या रंधून, कोपऱ्याला कोपरा असा बसवला की फट शोधून सापडू नये. पुढं छोटं दार, दाराला पितळेची कडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त केल्या, ही पहिली नवी कोरी वस्तू, तीही पोराच्या मशीनसाठी. बा ती पेटी लोकांना बोलावून बोलावून दाखवायचे. आणि दादानं मशीन आत बसवून दार लावलं तर थोड्या वेळात आत भट्टी. हवा जायला जागाच नव्हती.

"बा, मांगून भोकं पाडा लागतीन," दादा म्हणाला.

बानं पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पेटीले भोकं पाडले तं ते पेटी कायची? चाळणी झाली."

"पडू द्या ना, मांगून कोण पाह्यते!" मी मध्ये तोंड घातलं.

"मी पाह्यतो ना," बा म्हणाले. पण गिरमिट त्यांनीच आणून दिलं आणि भोकं पाडताना घराबाहेर जाऊन बसले.

मशीन आता दमानं चालायला लागलं. संध्याकाळच्या वाऱ्यात, हळू आवाजात, रेडिओचा एक कार्यक्रम संपून दुसरा संपेपर्यंत पत्रा हाताला सोसायचा. जयंती जवळ आली तशी दादानं मायला माईकपुढं उभं राहायला सांगितलं. निदान दोन ओळी म्हण, आवाज कसा येतो ते पाहू. माय म्हणाली, "आन मधीच तुटलं तं?"

दादा पुन्हा पत्र्यावर हात ठेवून बसला. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते तिनं ऐकून घेतलं नसतं.

शेवटी जयंतीच्या आदल्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, "सभेत म्हणीन. तेच गाणं. पण पुरं झालं पायजे, दयाराम. आता तुटलं तं मी पुन्हा नायी म्हणणार. कधीच." तिनं हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. मागच्या सपरात येऊन दादानं मला विचारलं, "रुख्मे, हे तापलं तं मले काय म्हणा लागन, मालूम हाय काय?"

"काय?"

"तेच. तो म्हणला ते."

जयंतीचा दिवस असा तापला की पायाखालची माती सोसवेना. दुपारची मिरवणूक आटोपून लोक मैदानात जमले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण वारा नावाला नव्हता. भोंगा लिंबाच्या फांदीवर. मशीनची पेटी मंचाच्या कडेला स्टुलावर, पाठ मंचाच्या पडद्याला टेकवून. बानं सकाळीच पेटी तेल लावून चकचकीत केली होती आणि स्टुलावर आपल्या हातानं मांडली होती. यंदा जानरावांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले. लिंबाखाली हाताची घडी घालून उभे राहिले. ते गाणं ऐकायला आले नाहीत हे न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

आधी भाषणं. पाहुणे मेहकरहून आले होते, विद्वान होते, आणि त्यांना माईक फार आवडला होता. "शेवटी एवढंच सांगतो" असं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. एरवी मी ते भाषण मन लावून ऐकलं असतं. त्या दिवशी माझं सगळं ध्यान दादाकडं. तो पेटीच्या दारातून हात आत घालून पत्र्यावर ठेवत होता, काढत होता, पुन्हा ठेवत होता. हात ठेवण्याचा वेळ कमी कमी होत चालला होता. त्यानं सूत्रसंचालकाला खूण केली की भाषणानंतर थोडं थांबू, मशीनला जरा विसावा देऊ. तो बिचारा मान डोलावून हसला. त्याला वाटलं, दादा मशीन झकास चाललंय असं सांगतोय. पाहुणे खाली बसतात न बसतात तोच तो माईकमध्ये ओरडला, "आता भिमाबाई कचरू अंभोरे!"

माय उठली. पदर खोचला. आम्ही बाया तिच्या मागं उभ्या राहिलो. एक वर्ष तिचा गाता आवाज ऐकला नव्हता. साथ द्यायला तोंडातून शब्द फुटेल की नाही याचीच मला शंका.

"पाटीवरची अक्षरं बाई, पाण्यानं ना पुसती,
माह्या लेकीच्या डोळ्यामंधी दिवे लावून बसती."

आवाज तसाच होता. जरासुद्धा गंजला नव्हता. लोक गप्प झाले, पोरं गप्प झाली. दुसरं कडवं झालं. तिसऱ्याला भोंग्यातला आवाज जाड व्हायला लागला. आधी मला वाटलं, मायचा घसा भरून आला. मग तिचा सूर किनारीला फाटला आणि मी दादाकडं पाहिलं. त्यानं हात पत्र्यावर ठेवला आणि विस्तव लागल्यासारखा मागं घेतला. पुन्हा ठेवला. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. दुसरे ट्रान्झिस्टर नव्हते. हे जळले तर आज मशीन पुन्हा उठणार नव्हतं. चालू ठेवलं तर गाणं कडव्याच्या मध्ये कुठंही तुटणार, बंद केलं तर आत्ता तुटणार.

त्यानं बटन बंद केलं.

मायचा आवाज भोंग्यातून नाहीसा झाला आणि नुसता तिच्या तोंडातून आला, मैदानावर एवढासा. ती थांबली. माईक हातात तसाच. गेल्या वर्षी ती जिथं उभी होती तिथंच ती आत्ता उभी होती आणि तिच्या तोंडावर तेच भाव आले होते, काहीच न वाटल्याचे. ते बघून मला भोंगा फोडून टाकावासा वाटला.

लिंबाखालून जानरावांचा आवाज आला. "काऊन दयाराम? काय झालं?"

दादा उभा राहिला. सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं. तो एका वाक्याच्या वर चार माणसांत कधी बोलला नव्हता, आणि आज बोलायचं होतं ते नेमकं हे वाक्य.

"मशीन तापलं," तो म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. आपलाच पोरगा, आपलंच मशीन, आणि तोंडी जानरावांचा शब्द. मागं दोन बाया कुजबुजल्या की पाटलानं यालाही बारशाला बोलावलं काय. जानराव सावकाश पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी जन्मात विसरणार नाही.

"आता समजलं ना पोट्टेहो? मशीन हाय, तापते."

दादा बाजूला सरकला. पेटीचं दार त्यानं पुरतं उघडलं. "तुमी जाणते हा, काका. हात लावून पाहा."

जानराव घुटमळले. वस्तीतल्या पेटीत हात घालायचा म्हणून घुटमळले की आणखी कशानं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण सगळे बघत होते आणि मशीनमधला जाणकार म्हणून मिरवायची वेळ आलेली. बाही सारून त्यांनी मोठ्या ऐटीत दोन बोटं आत घातली आणि पत्र्यावर टेकवली.

"आय आय आय! अबे, हे तं खरंच तापलं!"

बोटं तोंडात घालून ते उभे राहिले. माय, हातात मुका माईक धरून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "खरंच म्हंजे, जानरावभाऊ? दुसरं कसं तापते?"

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग आधी बाया हसल्या, मग सगळं मैदान. पोटं धरून हसले लोक. मेहकरच्या पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, तेही हसले. जानराव काहीतरी पुटपुटले आणि मागं मागं सरत गर्दीत दिसेनासे झाले. मला वाटलं, आता जिंकलो. पण दादाकडं पाहिलं आणि माझं हसू जिरलं. त्याला जानरावांशी काही देणंघेणंच नव्हतं. तो पेटीशी गुडघ्यावर बसून म्हणत होता, "काय झालं बे तुले? एवढं तं तू कधीच तापलं नायी."

तेवढ्यात एक उत्साही माणूस पाण्यानं भरलेली बादली घेऊन धावत आला. दादा एवढ्या जोरात "पाणी नोको!" म्हणून ओरडला की तो माणूस बादलीसकट खाली बसला.

आणि बा पुढं आले. ते हळूच पेटीच्या मागं गेले आणि पडदा बाजूला करून त्यांनी पाठीवर हात फिरवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी जवळ गेले. पेटीच्या मागच्या बाजूला, भोकांवर, निळा चकचकीत कागद खळीनं चिकटवला होता. पताकांचा उरलेला. कडा सारख्या कापून, एक सुरकुती न पडू देता. चार लोकांत पेटी चाळणीसारखी दिसू नये म्हणून बानं सकाळी तो लावला होता, आणि काय छान दिसतं म्हणून स्वतःशीच खूश झाले असतील.

"म्याच केलं रे," बा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी नखानं कागदाची कड उचलली आणि टराटरा फाडला. भोकांतून गरम हवेचा झोत माझ्या हाताला लागला. दादा बानं काय केलं ते बघत राहिला. रागावला नाही. त्यानं बाच्या हातातला कागद घेऊन खिशात कोंबला आणि पेटी उचलून पडद्यापासून दूर, मोकळ्यावर ठेवली.

"सुपं आना गं घरातून!" मी ओरडले. ते काम मात्र मला येत होतं. बाया पळाल्या, सुपं घेऊन आल्या. दोघी पुढून, दोघी मागून, सुपानं वारा घालायला लागल्या. धान्य उफणावं तशी पेटी उफणत होत्या. लोक गोळा झाले. ज्याला त्याला हात लावून बघायचा होता. म्हातारे आले, पोरांना कडेवर घेऊन बाया आल्या, दारातून हात घालत होत्या, चटका बसला की "हाव बाई, खरंच!" म्हणून हसत होत्या. दादा कुणाला नको म्हणाला नाही. फक्त माय जागची हलली नव्हती. ती माईक धरून तिथंच उभी होती आणि मशीन पुन्हा चालेल याची खात्री आमच्यातल्या कुणालाच नव्हती. ट्रान्झिस्टर आतल्या आत जळून गेले असतील तर ते गार झाल्यावरही उठणार नव्हते.

पत्रा निवला तेव्हा सूर्य टेकला होता. दादानं बटनावर बोट ठेवलं आणि तसाच राहिला. मी म्हटलं, "दाब ना एकदाचं!" त्यानं दाबलं.

काहीच नाही. मग भोंग्यातून बारीक घरघर आली. मायनं माईकवर श्वास सोडला, तो सगळ्या वस्तीवर पसरला.

बायांनी तिसरं कडवं धरलं. मायनं हातानं थांबवलं. "पयल्यापासून," ती म्हणाली. दादानं डोळे मिटले. पहिल्यापासून म्हणजे पुन्हा तेवढाच ताप. पण त्यानं डावा हात पत्र्यावर ठेवला, उजवा आवाजाच्या चावीवर, आणि मान खाली घातली. सुपं चालूच होती. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याला मी साथ विसरून भोंग्याकडं कान लावला. आवाज निर्मळ होता. चौथं. दादानं चावी अगदी किंचित मागं घेतली, ताप चढू नये म्हणून. त्याचा हात पत्र्यावरून हलला नाही. मायनं श्वास घेतला, आणि तो श्वास घेताना आम्ही सगळ्यांनी आपला रोखून धरला.

"म्हणे भिमा कचरूची, बीबी माहं गाव,
पाटीवरती लेकीनं माह्या लिव्हलं माहं नाव."

भोंग्यानं ते नाव वरच्या आळीपर्यंत नेलं, पाटलाच्या वाड्यापर्यंत नेलं, नदीपलीकडं नेलं. मी रडत होते, बाया रडत होत्या. बा पेटीमागं तोंड लपवून बसले होते. मायनं माईक खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "झालं काय पुरं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीपुढं भाकरी थापत होती. दादाच्या डाव्या हाताला फोड आले होते, त्यावर तेच पांढरं मलम लावून तो उजव्यानं जेवत होता. त्याला दुपारच्या गाडीनं जालन्याला जायचं होतं. मी अजून कालच्याच धुंदीत बडबडत होते. कोण कोण रडलं, पाहुणे काय म्हणाले. दादानं मध्येच मला विचारलं, "रुख्मे, मायनं नाव घेतलं काय?"

मला वाटलं, माझी थट्टा करतोय. "कानात बोळे घातले होते काय?"

"नायी ना." तो खाली बघून म्हणाला. "मले काहीच आयकू आलं नायी. सारं ध्यान हातात होतं. गाणं कधी झालं, तेबी समजलं नायी. लोकं उठले तवा समजलं का संपलं."

वर्षभर हा माणूस ज्या एका ओळीसाठी अभ्रक सोलत बसला, ती ओळ गावातल्या कुत्र्यामांजरांनी ऐकली, जानरावांनी घरात बसून ऐकली असेल, आणि यानं ऐकली नाही. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

मायनं दादाचं बोलणं ऐकलं होतं. तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला, हात धुतले, आणि पाट ओढून दादाच्या अगदी समोर बसली. तिनं खाकरून गळा मोकळा केला. भोंगा नाही, बाया नाहीत. घरात तिचा आवाज वर्षानंतर पहिल्यांदा निघत होता. पहिल्या कडव्यापासून, सावकाश, त्याच्या तोंडाकडं बघत ती म्हणत गेली. दादा घास हातात धरून ऐकत होता. नावाच्या कडव्याला त्याचे ओठ तिच्याबरोबर हलले.

गाणं संपलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"माय," तो म्हणाला, "आणखीन एकडाव म्हण."